वांग्यांचा वहनव्यय

मी एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात होतो, हे मीच आधी सांगून टाकतो. नाही सांगितलं तर आमची संध्या सांगते, आणि तिच्या सांगण्यात शेवटी ‘म्हणे’ असा एक जादा शब्द असतो. सिंचन शाखेत कारकून म्हणून लागलो, वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो. कालव्याला पाणी कधी सुटणार, कोणत्या गावाला किती मिळणार, वाटेत किती जिरणार, हे सगळं माझ्या टेबलावरून जायचं. टेबलावरून पाणी जातं म्हणजे कागद जातो, पण हा बारकावा लोकांना समजत नाही आणि मीही कधी समजावून सांगितला नाही. राहतो आम्ही अकोल्यात, पाटबंधारे कॉलनीत. तिथे नळ पाचव्या दिवशी येतो.

प्रकरण सुरू झालं भाऊबीजेला. संध्याचे थोरले भाऊ खुशालराव शेंदूरजनाघाटहून ओवाळून घ्यायला आले होते. त्यांची अकरा एकर संत्र्याची बाग, बागेला ठिबक, आणि जिभेला कसलाच व्हॉल्व्ह नाही. जेवण झाल्यावर ते मागच्या अंगणात गेले. तिथे भिंतीच्या कडेला संध्याने वांग्याची बारा झाडं लावली होती आणि ती बादलीतून मगाने त्यांना पाणी घालत होती. मी सहज म्हणालो, “ही पद्धत अशास्त्रीय आहे. यात पाण्याचं मोजमाप राहत नाही.”

खुशालराव वळले. “भाऊजी, तुमी कधी एखाद्या झाडाले पाणी देल्लं काय?”

“मी अठरा हजार हेक्टरला दिलं आहे,” मी म्हणालो.

“थे कागदावर. मी झाडाचं विचारून राहिलो.”

संध्या हसली. बायकोने भावासमोर हसणं हा वेगळा प्रकार असतो. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की उद्यापासून या झाडांचं पाणी माझ्याकडे. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आमच्या घरी रोडगे असतात. अंगणात गोवऱ्यांचा आर करून त्यात कणकेचे गोळे भाजायचे, ते तुपात चुरायचे आणि वांग्याच्या झणझणीत भाजीसोबत खायचे, वीस-पंचवीस माणसं जमतात. त्या दिवशीची भाजी याच बारा झाडांच्या वांग्यांची होईल, असंही मी म्हणून गेलो.

“अन् नाई झाली तं?” खुशालराव म्हणाले. “एक वांगं जरी बजारातून आनलं, तं भर पंगतीत उभं राहून सांगाचं, मी एकतीस वर्षं फायलीले पाणी देल्लं.”

“सांगेन,” मी म्हणालो. माणूस रागात फार स्पष्ट बोलतो.

इथे मला डोमाजींबद्दल सांगितलं पाहिजे. डोमाजी हे टेलचे शेतकरी. टेल म्हणजे कालव्याचं शेपूट, जिथे पाणी सगळ्यात शेवटी पोचतं किंवा पोचत नाही. दर रब्बीला ते माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहायचे आणि दर वर्षी एकच प्रश्न विचारायचे. “साहेब, तिकून तं पाणी निघते. माह्याजवळ पोचत नाई. मंधात जाते कुठी?”

मी रजिस्टर उघडून बोट ठेवायचो. “वहनव्यय, डोमाजी. चाळीस टक्के.” वहनव्यय म्हणजे वाटेत गळालेलं, मुरलेलं, उडून गेलेलं पाणी. त्याला आमच्याकडे स्वतंत्र रकाना होता आणि तो मी फार सुंदर अक्षरात भरायचो.

“म्हंजे कुठी?” ते पुन्हा विचारायचे.

“उद्या या,” मी म्हणायचो.

असो. दुसऱ्या दिवशी मी अंगणाचा नकाशा काढला. नळापासून एक मुख्य कालवा, त्याला दोन वितरिका, आणि बारा झाडांना बारा चाऱ्या. खुरप्याने दोन दिवस खणलं आणि तिसऱ्या दिवशी कंबर धरून बसलो. फ्रिजवर कागद चिकटवला : ‘रब्बी हंगाम, पाणीपाळी क्रमांक एक. लाभधारकांनी नोंद घ्यावी.’ लाभधारक म्हणजे संध्या. तिने त्याच कागदाच्या मागे किराण्याची यादी लिहिली.

नळाच्या दिवशी मी विधिवत पाणी सोडलं. वाटेत कोथिंबीर होती, ती पोटभर प्यायली. सदाफुलीला कोणी बोलावलं नव्हतं, तीही प्यायली. पाणी पहिल्या झाडाला लागलं, चौथ्याला लागलं, सातव्याला लागलं. आठव्यापाशी आलं आणि थांबलं. मी घड्याळ लावून बसलो. नळ चालू, चारीत धार चालू, पण पुढे एक वीत सरकेना. अर्ध्या तासाने मी वहीत लिहिलं : वहनव्यय, साठ टक्के.

“साठ टक्के म्हंजे बारा बादल्या,” संध्या म्हणाली. “थ्या गेल्या कुठी?”

“काळी जमीन आहे. पिते.”

“पेली तं ढेकर द्याले पायजे का नाई?”

काही प्रश्न उत्तर देण्याच्या पातळीचे नसतात.

बातमी कॉलनीभर झाली. सल्ला ही आमच्या कॉलनीत नळासारखी पाचव्या दिवशी येणारी वस्तू नाही, ती चोवीस तास असते. भिंतीपलीकडचे रहमतुल्लाभाई, ज्यांची सगळी हयात शिवणकामात गेली, ते म्हणाले की झाडाच्या बुडाशी मडकं गाडा, आपोआप झिरपतं. मला ते पटलं होतं, पण सकाळी माझ्याबरोबर फिरायला येणारे किसनराव आडवे आले. किसनराव निवृत्त कंपाउंडर. ते म्हणाले, “मडकं कायले? सलाईन लावा. थेंब मोजून देता येते.” आणि संध्याकाळी ते सलाईनच्या बारा रिकाम्या बाटल्या नळ्यांसकट घेऊन आले.

बारा काठ्या रोवल्या, बारा बाटल्या टांगल्या. दुरून ते दृश्य फार गंभीर दिसायचं. किसनराव रोज येऊन चाक फिरवून थेंब कमी-जास्त करायचे आणि “पेशंट कसे हायेत?” असं विचारायचे. तिसऱ्या दिवशी समोरच्या घरातल्या बाई सफरचंदं घेऊन आल्या आणि हळू आवाजात संध्याला म्हणाल्या, “साहेबाले काय झालं?” त्या सफरचंदांचं काय करायचं यावर आमच्यात थोडा वाद झाला. शेवटी मी खाल्ली. पाचव्या दिवशी किसनरावांनी नवव्या झाडाची पानं उलटून पाहिली, मान हलवली आणि खिशातून पेन काढून बाटलीवर तारीख टाकली. त्या माणसाने आयुष्यभर हेच केलं असावं. मी त्याच दिवशी बाटल्या उतरवल्या.

मग ठिबकच. ठिबकला अनुदान असतं, आणि अनुदान सोडणं हे माझ्या रक्तात नाही. कृषी कचेरीतल्या खिडकीपलीकडे एक तरणाबांड कारकून बसला होता. त्याने वर न पाहता विचारलं, “सातबारा?”

“घरचं अंगण आहे. घरपट्टीची पावती आणली आहे.”

“क्षेत्र?”

“दोनशे चौरस फूट.”

त्याने संगणकात हेक्टरच्या चौकटीत शून्य, टिंब, शून्य, शून्य, एक, आठ असं काहीतरी टाकलं. संगणकाने ते गिळून फक्त शून्य दाखवलं. “तुमचं क्षेत्र शून्य येऊन राहिलं काका.”

“मी एकतीस वर्षं सिंचन शाखेत होतो,” मी आवाज खाली आणून म्हणालो. असल्या ठिकाणी हे वाक्य खालच्या आवाजातच बोलायचं असतं.

तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं. चेहरा अगदी प्रेमळ होता. “असं काय? मंग तुमाले तं सारंच माहीत असन,” तो म्हणाला. “उद्या या.”

मी बाहेर आलो आणि पायरीवर बराच वेळ उभा राहिलो. राग त्याचा नाही आला. वाक्य माझंच होतं, आवाजही माझाच वाटला.

शेवटी विनाअनुदान ठिबक बसवायचं ठरलं. रहमतुल्लाभाईंच्या बायकोचा, म्हणजे हलीमाबींचा, भाचा साजिद पातूरला ठिबकची कामं करतो. तो आला, अंगण पाहिलं आणि विचारलं, “काका, बाकीचं वावर कुठं हाये?” एवढंच आहे म्हटल्यावर त्याने मोजायची टेप पुन्हा खिशात ठेवली. त्याचं आजवरचं सगळ्यात छोटं काम अडीच एकराचं होतं. तरी त्याने गच्चीवरच्या टाकीपासून नळी आणली, बारा झाडांना बारा ड्रिपर बसवले, नळीचं शेवटचं टोक माघारी आठव्या झाडापाशी आणून त्याला बूच लावलं आणि कॉकजवळ एक घड्याळ जोडलं. सकाळी सहाला पाणी आपोआप सुरू, सव्वासहाला आपोआप बंद. “आता तुमी फकस्त पाहा,” तो म्हणाला. मला असंच काम हवं होतं.

पाच दिवस मी खुर्ची टाकून चहा घेत पाहिलं. थेंब, थेंब, थेंब. खुशालरावांना फोटो पाठवला. त्यांनी उलट एका वांग्याचं चित्र पाठवलं आणि पुढे प्रश्नचिन्ह.

सहाव्या दिवशी, म्हणजे नळ येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, शेवटच्या टोकाचं बूच उडालं. घड्याळही बंद व्हायचं विसरलं. मी चालायला गेलो होतो. परत आलो तेव्हा संध्या न्हाणीघराच्या दारात उभी होती, केसांना शिकेकाई, डोळे मिटलेले, आणि एका हाताने रिकाम्या नळाकडे बोट. हजार लिटरची टाकी कोरडी ठणठणीत. मी मागे धावलो. निदान अंगणात तळं तरी साचलं असेल असं वाटलं होतं. अंगणात आठव्या झाडाजवळ थोडा चिखल होता, बस. हजार लिटर पाणी आणि चिखल एका घमेल्याचा.

“आता हे कुठी गेलं?” संध्याने डोळे न उघडता विचारलं. “का हेही वहनव्यय?”

पुढचा नळ चौथ्या दिवशी. हलीमाबींनी भिंतीवरून दोन बादल्या पाणी दिलं, म्हणाल्या, “न्या भाऊ, शेजार कायच्यासाठी असते?” मी त्यांचे मनापासून आभार मानले. ते आभार मला पुढे फार बोचले.

त्यानंतर संध्याने घड्याळाची तार काढून कपाटात ठेवली, साड्यांखाली. नळ्यांमध्ये क्षार बसला आणि ड्रिपर एक-एक करून मुके झाले. नळाच्या दिवशी मी पुन्हा चारीतून पाणी सोडू लागलो आणि ते पुन्हा आठव्यापाशी येऊन गडप होऊ लागलं. पहिल्या सात झाडांच्या बुडाशी ते थांबलं असेल तेवढंच. जानेवारी उजाडला तेव्हा बारांपैकी पाच झाडं उभी होती. त्यांना मिळून एक वांगं लागलं होतं. सुपारीपेक्षा मोठं, पण मी ते लिंबाएवढं आहे असं सांगत होतो.

रोडग्यांच्या आदल्या दिवशी मी पिशवी खिशात घडी करून, डोक्यावर हेल्मेट घालून पायी बाजारात गेलो. हेल्मेट ओळख लपवायला. शहराच्या दुसऱ्या टोकाचा बाजार निवडला होता. भाजीवालीने दोन क्षण पाहिलं आणि ओरडली, “काहून साहेब, घरचे वांगे निंघाले नाई काय?” मी वांग्यांबद्दल कोणाकोणाला सांगितलं होतं याची मला आता नीट आठवण नाही. मी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि परत आलो. संध्याने मेथीकडे पाहिलं, हेल्मेटकडे पाहिलं आणि ती मेथी निवडायला बसली. मला रात्रभर झोप लागली नाही.

रविवारी सकाळी खुशालराव संत्र्याची पेटी घेऊन हजर. चप्पल काढायच्या आधी मागे गेले. पाच झाडं मोजली, वांगं मोजलं. एक मोजायला त्यांनी मुद्दाम वेळ लावला. “वा भाऊजी. पंचवीस मानसं. कसं कापाचं याले?”

आर पेटला होता, रोडगे वळून झाले होते, माणसं आतल्या खोलीत सतरंजीवर बसत होती. भाजीची कढई रिकामी होती. संध्या माझ्याकडे पाहत होती आणि पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी मनात वाक्य घोकत होतो. फायलीला म्हणायचं की फायलींना, एवढाच निर्णय राहिला होता.

तेवढ्यात पुढच्या दाराने हलीमाबी आल्या, गुडघ्यावर हात ठेवत. मागे रहमतुल्लाभाई, डोक्यावर टोपलं. टोपल्यात वांगी. चकचकीत, जांभळी, हिरव्या टोप्यांची, सात-आठ किलो सहज.

“संध्याबाई, तुमीच देल्लेले रोपं हायेत,” हलीमाबी म्हणाल्या. “भितीच्या कडेनं लावले होते. पण हे वांगे माहे नाईत, भाऊचे हायेत.”

“माझी?” मी म्हणालो.

“मंग! दिवाळीपासून माहा गुडगा धरला, यायच्यानं तं तांब्याभर पाणी होत नाई.” इथे रहमतुल्लाभाईंनी छताकडे पाहिलं. “मी म्हटलं, जगले तं जगले. तं पाह्यते काय, नळाच्या दिवशी भितीखालून पाणी येऊन राहिलं. एकदा तं सकाळी सकाळी इतकं आलं, इतकं आलं, का सारा वाफा डुबला. मले समजलं, भाऊ मुद्दाम सोडून राहिले. तोंडानं बोलले नाई, पण शेजाऱ्याचं दुखनं पाह्यलं. दुवा देते मी रोज.”

सतरंजीवरची सगळी डोकी माझ्याकडे वळली. मग किसनराव म्हणाले, “वा साहेब!” आणखी दोघं-तिघं म्हणाले. संध्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने तिने लग्नाच्या वर्षी पाहिलं असेल. मी मान थोडी खाली घातली. नम्रपणा दाखवायला मान खाली घालावी लागते, आणि लाज वाटली तरी तीच घालावी लागते.

खुशालराव मात्र शेतकरी माणूस. वांगी चिरायला गेली तसे ते हळूच उठले आणि मागे गेले. मीही गेलो. त्यांनी एक काठी घेतली आणि आठव्या झाडाच्या बुडाशी टोचली. काठी हातभर आत गेली. “घूस,” ते म्हणाले. “इकून तिकडं, भितीखालून. बोगदा हाये चांगला.” त्यांनी बादलीभर पाणी त्यात ओतलं. पलीकडून रहमतुल्लाभाईंचा आवाज आला. ते कोथिंबीर आणायला घरी गेले होते. “आलं! पाणी आलं!”

खुशालरावांनी काठी टाकली, हात झटकले. “वांगे बजारातले नाईत. पाणी तुमचंच. शर्त तुमी जिंकली, भाऊजी. मी कोनाले सांगत नाई.”

पंगत बसली. भाजी अशी झाली होती की लोक आधी बोलायचे थांबले आणि मग घाम पुसू लागले. मी पहिला रोडगा मजेत खाल्ला. दुसरा तुपाच्या जोरावर खाल्ला. तिसरा चुरला आणि समोर हलीमाबी संध्याला पुन्हा तेच सांगताना ऐकू आल्या, भाऊनं न बोलता पाणी देल्लं. मी घास ताटात परत ठेवला. मला टेबलासमोर उभे राहिलेले डोमाजी दिसले, हातात टोपी, म्हंजे कुठी साहेब? एकतीस वर्षांत एकदाही मी खुर्चीवरून उठून, त्यांच्यासोबत कालव्याच्या कडेने चालत जाऊन पाहिलं नव्हतं. कोणाच्या तरी वावरात ते पाणी जात असेल, कोणाची तरी वांगी येत असतील. मी फक्त रकाना भरला.

मी उभा राहिलो. हात खरकटा होता.

“हलीमाबी, मी मुद्दाम पाणी सोडलं नाही,” मी म्हणालो. “तिथे घुशीचं बीळ आहे. मला ते अडीच महिने दिसलं नाही. तुमचा गुडघा दुखतो हेही मला आज कळलं.” मग खुशालरावांकडे पाहिलं. “आणि मी एकतीस वर्षं फायलीले पाणी देल्लं.”

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील, त्याची मी तयारीही केली होती. हलीमाबींनी पदर सावरला. “बीळ घुशीचं असन भाऊ,” त्या म्हणाल्या, “पाणी तं तुमचंच होतं ना?”

“बसा भाऊजी,” खुशालराव म्हणाले आणि माझ्या ताटात भाजीतली सगळ्यात मोठी फोड टाकली. “भाजी थंडी होऊन राहिली.”

संध्याने मागून येऊन तूप वाढलं. नेहमीपेक्षा जास्त.

बीळ मी बुजवलं नाही, नळाच्या दिवशी चारीतून त्यातच पाणी सोडतो. बाकी पाच झाडांना संध्या मगाने पाणी घालते, ती पद्धत अशास्त्रीय आहे आणि झाडांना ती मानवली आहे. परवा नळाचा दिवस होता. मी खुर्चीत पेपर वाचत होतो, चहा निम्मा झाला होता. भिंतीपलीकडून हलीमाबींचा आवाज आला, “भाऊ, आज पाणी पोचलं नाई हो अजून!”

माझ्या तोंडात ‘उद्या’ आलंच होतं. ते चहाबरोबर गिळलं, चपला घातल्या आणि मागे जाऊन चारीचा नळ सोडला. मग भिंतीपाशी उभं राहून विचारलं, “आलं का?”

“येऊन राहिलं,” त्या म्हणाल्या.